उंबरठ्यावरचे विमान

विमानविद्येच्या इतिहासाची पुस्तके उघडली की त्यांत प्रामुख्याने मैदाने भेटतात. किटी हॉकजवळची वाळू, पॅरिसच्या कडेचे बागातेलचे मैदान, डोव्हरच्या किल्ल्यालगतचा गवताळ उतार. विमान कोठून उडाले, कोठे उतरले, किती सेकंद हवेत राहिले, याच्या नोंदी मोठ्या निगुतीने जपलेल्या असतात. परंतु ते यंत्र ‘विमान’ झाले कोठे, म्हणजे त्याचा शेवटचा बोल्ट कोठे आवळला गेला, पंख धडाला कोणत्या छपराखाली जोडले गेले, हा प्रश्न इतिहासकार सहसा विचारत नाहीत. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानांच्या बाबतीत तो फारसा उद्भवतही नाही, कारण तेथे जोडणीची जागा बहुधा धावपट्टीला लागूनच असते. पण ज्यांनी आपल्या घरात, दुकानात, पागेत वा गच्चीवर विमान बांधायला घेतले, त्यांच्यासमोर हा प्रश्न आज ना उद्या उभा राहिलाच: हे पूर्ण कोठे करायचे? घरी, की जेथून उडायचे तेथे?

वरवर पाहता हा जागेच्या सोयीचा प्रश्न आहे. घराचे दार तीन-चार फूट रुंद असते आणि पंखांचा विस्तार पंचवीस-तीस फूट. घरात पूर्ण केलेले विमान घराबाहेर काढता येत नाही, आणि मैदानात पूर्ण करायचे म्हटले तर तेथे छप्पर नसते, वीज नसते, हत्यारे नसतात आणि रात्रीच्या जेवणानंतर तास-दीड तास काम करायला जाता येईल इतके ते जवळही नसते. मराठीच्या अध्यापकांनी या प्रश्नात शिरण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा प्रश्न केवळ सुतारकामाचा नाही. एखादी खाजगी धडपड सार्वजनिक कधी आणि कोठे होते, हा त्याचा गाभा आहे. आणि तो साहित्याच्या वाचकाला परका नसावा.

या प्रश्नाचा अभ्यास करायचा तर सुरुवात राइट बंधूंपासूनच करावी लागते. त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण ती जागेच्या अंगाने क्वचितच वाचली जाते. ओहायो राज्यातील डेटन गावी वेस्ट थर्ड स्ट्रीटवर त्यांचे सायकलींचे दुकान होते. १९०० साली विल्बरने पहिल्या मोठ्या ग्लायडरचे भाग तेथे तयार केले. मात्र डेटनला हवा तसा वारा नव्हता. सलग वाहणारा वारा आणि पडले तरी हाडे शाबूत ठेवील अशी वाळू यांच्या शोधात त्याने हवामान खात्याच्या नोंदी चाळल्या आणि अटलांटिकच्या काठावरचे किटी हॉक हे कोळ्यांचे खेडे निवडले. लांब दांड्यांचे लाकूड वाटेत घेऊ, असा त्याचा बेत होता. त्याला अठरा फुटी स्प्रूसचे दांडे हवे होते, पण नॉरफोक बंदरात मिळाले ते सोळा फुटी पाइनचे. दांडे आखूड झाल्याने पंखांसाठी घरून शिवून आणलेले सॅटिनसारखे कापड मोठे पडले. तेव्हा ज्यांच्या घरी तो उतरला होता, त्या टेट कुटुंबातील गृहिणीचे शिवणयंत्र त्याने मागून घेतले आणि त्यांच्या अंगणात बसून ते कापड कापून पुन्हा शिवले.

हा प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. पुढे जगाचा भूगोल बदलून टाकणाऱ्या यंत्राच्या पूर्वजाला अखेरचा टाका पडला तो एका परक्या घराच्या अंगणात, गृहिणीच्या शिवणयंत्रावर. प्रयोग संपल्यावर राइट बंधूंनी ते ग्लायडर तेथेच टाकून दिले आणि त्याच कापडाचे टेटबाईंनी आपल्या मुलींसाठी झगे शिवले. घरातून निघालेली वस्तू अशी पुन्हा घरात परतली.

१९०३ साली इंजिन बसवलेले यंत्र तयार करण्याची वेळ आली तेव्हा जागेचा पेच अधिकच तीव्र झाला. यंत्राच्या पंखांचा विस्तार होता सुमारे चाळीस फूट. केवळ मधला भाग सोळा फुटांचा होता आणि तो दुकानात उभा केल्यावर पुढच्या व मागच्या खोलीमधली वाटच बंद झाली. दारी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तर बाजूच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून पुढे यावे लागे. संपूर्ण यंत्र त्या वास्तूत उभे राहणे शक्यच नव्हते. त्यामुळे ज्याला आपण जगातले पहिले विमान म्हणतो ते डेटनमध्ये कधीही पूर्ण जोडले गेले नाही. त्याचे भाग तेवढे डेटनला झाले. चार्ली टेलर या कारागिराने दुकानातल्या मोजक्या यंत्रांवर सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिनही उभे केले. पण ‘विमान’ झाले ते किल डेव्हिल हिल्स या वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, त्या हंगामात बांधलेल्या लाकडी शेडमध्ये.

सप्टेंबरअखेर दोघे भाऊ तेथे पोहोचले. वादळांशी झुंजत शेड उभी केली, जुन्या ग्लायडरवर सराव केला आणि नोव्हेंबरच्या आरंभी यंत्र जोडून काढले. इंजिन चालवून पाहिले तर ते धडधडले आणि प्रोपेलरचे शाफ्ट नादुरुस्त झाले. मैदानात विमान पूर्ण करण्याची खरी किंमत येथे कळते. डेटनला हे घडले असते तर दुरुस्ती एका संध्याकाळचे काम होते. येथे शाफ्ट डेटनला पाठवून परत येईपर्यंत दोन आठवडे गेले. ते आल्यावर दातेरी चाके ढिली पडू लागली, तेव्हा सायकलचे टायर चिकटवण्याचे सिमेंट कामी आले. दुकान मागे राहिले होते, पण दुकानाची विद्या सोबत आली होती. नोव्हेंबर संपता संपता एका शाफ्टला तडा गेलेला आढळला. या वेळी ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला, पोलादाचे नवे शाफ्ट घडवून घेतले आणि ११ डिसेंबरला परतला. १४ तारखेचा विल्बरचा प्रयत्न फसला, किरकोळ मोडतोड झाली, तीही त्याच शेडमध्ये दुरुस्त झाली. १७ डिसेंबरला चार उड्डाणे झाली: पहिले १२ सेकंदांचे, १२० फुटांचे; शेवटचे ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे.

मग हे विमान पूर्ण झाले कोठे? डेटनला म्हणावे तर तेथे ते कधी उभेही राहिले नाही. किल डेव्हिल हिल्सला म्हणावे तर त्याचा कणा शेवटच्या पंधरवड्यात पुन्हा डेटनलाच घडला. आमच्या मते राइट बंधूंच्या यशाचे एक दुर्लक्षित कारण येथे आहे. ‘घर की मैदान’ असा निर्णय त्यांनी एकदाच घेऊन टाकला नाही. जे काम घरी होऊ शकते ते शेवटपर्यंत घरीच ठेवायचे आणि ज्याची परीक्षा वाराच घेऊ शकतो ते वाऱ्याजवळ न्यायचे, ही विभागणी त्यांनी सांभाळली आणि दोन्ही जागांमधली खेप करण्याचा कंटाळा केला नाही.

ऑर्व्हिल शाफ्ट घेऊन परतण्याच्या तीनच दिवस आधी, ८ डिसेंबर रोजी, वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर दुसरे एक विमान पाण्यात कोसळले. ते होते स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँगली यांचे. त्यांच्या पाठीशी युद्धखात्याचे पन्नास हजार डॉलर होते. राइट बंधूंचा खर्च हजार डॉलरच्याही आत होता. लँगलींना संस्थेची कार्यशाळा उपलब्ध होती, आणि उड्डाणासाठी त्यांनी तरंगती हाउसबोट निवडली होती. तिच्या छतावरून तोफेच्या गोळ्यासारखे यंत्र फेकायचे, अशी ती योजना. तिच्यामागे तर्क होता: नाव वाऱ्याच्या दिशेने वळवता येते आणि पडले तर पाणी झेलते. पण या जागेत शिकायला वाव नव्हता. वाळूवर चुकले तर माणूस उठून पुन्हा यंत्र उचलतो, पाण्यावर चुकले की यंत्र बुडते. राइट बंधूंचे मैदान गरिबाचे होते, पण ते चुका सोसणारे होते. लँगलींच्या अपयशाला रचनेतले दोषही कारणीभूत होते, हे खरेच. परंतु जागेची ही निवड त्या दोषांवर पांघरूण घालणारी ठरली, हेही नाकारता येत नाही.

मैदान असणे आणि ते आपल्याला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याची साक्ष इंग्लंडच्या ए. व्ही. रो यांच्या चरित्रात मिळते. १९०७ साली लंडनच्या एका स्पर्धेत त्यांच्या विमान-प्रतिकृतीने ७५ पौंडांचे पारितोषिक मिळवले आणि त्या बळावर त्यांनी पटनी येथे डॉक्टर भावाच्या घरामागच्या पागेत खरे विमान बांधायला घेतले. चाचणीसाठी ते नेले ब्रुकलंड्सच्या मोटार शर्यतींच्या मार्गावर. तेथे त्यांनी स्वतःची शेड उभारली. पण मोटारींच्या जगात हा विमानवेडा नकोसा पाहुणा होता आणि अखेर त्यांना ती जागा सोडावी लागली. मग त्यांनी लंडनच्या ईशान्येला, वॉल्थमस्टोच्या दलदलीच्या कुरणांत, रेल्वेपुलाच्या कमानी भाड्याने घेतल्या. वरून गाड्या धडधडत जात आणि खाली कमानीत तीन मजली पंखांचे, कागद लावलेल्या कापडाने मढवलेले, नऊ अश्वशक्तीचे विमान आकार घेई. या जागेचा गुण असा की दाराबाहेर पाऊल टाकले की कुरणच होते. २३ जुलै १९०९ रोजी ते सुमारे ९०० फूट उडाले. स्थानिक अधिकारी रो यांच्यावर खटला भरण्याच्या विचारात होते. पण दोनच दिवसांनी ब्लेरियोने इंग्लिश खाडी ओलांडली आणि हवेत उडणे हा उपद्रव न राहता पराक्रम ठरला. खटला बारगळला. कमानीतले ते विमान आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

पाग, शर्यतीचा मार्ग, पुलाची कमान: रो यांच्या तिन्ही जागा दुसऱ्याच कशासाठी तरी बांधलेल्या होत्या. घरगुती विमानाला स्वतःची अशी जागा समाजात नसते. ते नेहमी दुसऱ्याच्या जागेत पोटभाडेकरू म्हणून वाढते. पोटभाडेकरूला जागा सोडायला कधी सांगितले जाईल याचा नेम नसतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या पोटभाडेकरूला काहीसे हक्काचे घर मिळाले. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबरेझ्नी यांच्या पुढाकाराने हौशी विमानबांधणीकारांची संघटना उभी राहिली आणि तिचा कारभार बरीच वर्षे त्यांच्या घराच्या तळघरातून चालला. विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी स्वतः केला असेल, तर त्याला प्रायोगिक वर्गात मान्यता मिळण्याची सोय तेथील कायद्यात आहे. १९७० च्या दशकात बर्ट रुटान यांनी फोम आणि फायबरग्लास वापरून विमान रचले आणि जड यंत्रसामग्रीवाचूनही गॅरेजमध्ये विमान होऊ शकते हे दाखवले. पुढे रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीच्या तयार भागांच्या संचांतून हौशी लोकांनी दहा हजारांहून अधिक विमाने पूर्ण करून उडवली.

गॅरेज सार्वत्रिक झाले, तरी जुना प्रश्न मिटला नाही. उलट तो प्रत्येक बांधणाऱ्याच्या वाट्याला स्वतंत्रपणे आला. शेपूट, पंख आणि धड एकेक करून गॅरेजमध्ये होतात. मग एक दिवस असा येतो की पंख जोडल्याशिवाय पुढचे काम सरकत नाही आणि पंख जोडले की दार पुरत नाही. विमानतळावरचे हँगर भाड्याने घ्यावे तर दरमहा पैसे जातात, आणि त्याहून मोठी हानी म्हणजे रोजचा अर्धा तास जातो. घरी असलेले विमान फावल्या क्षणांवर वाढते: ऑफिसातून आल्यावर चार रिव्हेट, मुले झोपल्यावर एक वायर. तेच विमान तीस मैलांवर गेले की फक्त रविवारी भेटते आणि एखादे हत्यार घरी राहिले तर तो रविवारही वाया जातो. म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला साधारण असा असतो की जे घरी होऊ शकते ते सारे घरीच उरकावे. इंजिन बसवावे, तारा ओढाव्यात, पंख एकदा तात्पुरते जोडून, जुळवून, पुन्हा काढून ठेवावेत; आणि कायमची जोडणी, वजन, इंजिनची पहिली धडधड व तपासनीसाची भेट एवढेच हँगरसाठी राखावे. मात्र घरचा मोह फार लांबला की दुसरा धोका संभवतो. घरात सारे सुरक्षित असते, कोणी पाहत नाही, कोणी तपासत नाही. ‘अजून थोडे बाकी आहे’ या वाक्याच्या आडोशाला वर्षानुवर्षे राहता येते. लेखक मंडळींना हा आडोसा चांगला परिचयाचा असावा.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मराठी वाचकाला या विषयात आधी आठवते ते शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, अशी कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तिला इतिहास म्हणून स्वीकारता येईल असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिकशास्त्रा’शी हे नाव जोडले जाते तो ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच मांडला आहे. आम्हाला येथे त्या वादात खोल शिरायचे नाही. लक्ष वेधायचे आहे ते एका गोष्टीकडे: या कथेत उड्डाणाचे मैदान आहे, प्रेक्षक आहेत, पण कार्यशाळा जवळजवळ नाही. सांगाडा कोणत्या वाड्यात उभा राहिला, तो कोणी आणि कशावर चौपाटीपर्यंत नेला, जोडताना काय मोडले, कोणता भाग परत न्यावा लागला, यांपैकी काही ती सांगत नाही. राइट बंधूंच्या वृत्तान्तात मोडलेले शाफ्ट आहेत, आखूड पडलेले दांडे आहेत, गिऱ्हाइकांची अडलेली वाट आहे. दंतकथा थेट मैदानात अवतरते. इतिहासाला मात्र दारातून बाहेर पडावे लागते आणि बाहेर पडताना त्याचे कोपरे घासले जातात. त्या घासल्याच्या खुणा हाच त्याचा पुरावा.

अशा खुणा असलेले विमान मुंबईत झाले, ते शंभराहून अधिक वर्षांनी. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. यंत्रे, अवजारे आणि इंजिन अरुंद जिन्यातून वर चढवली गेली. अमेरिकेत ज्याला गॅरेज म्हणतात ते मुंबईच्या मध्यमवर्गीयाच्या वाट्याला येत नाही. त्याच्यापाशी मोकळी जागा असलीच तर ती डोक्यावर असते, आणि तीवर ऊनही असते नि पाऊसही. गच्ची ही मोठी विलक्षण जागा आहे. ती घरही आहे आणि आकाशाच्या सर्वांत जवळही आहे, पण तिला धावपट्टी नाही. या गच्चीवर पंख जोडून विमान पुरे करता येते, उडवता मात्र येत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’चा सोहळा भरला तेव्हा हे विमान सुटे करून क्रेनने खाली उतरवण्यात आले आणि तेथे लोकांसमोर उभे राहिले. म्हणजे गच्चीवर उभे राहिलेले विमान उडण्याआधी एकदा मोडावे लागले, आणि दुसऱ्यांदा ते उभे राहिले ते मैदानात नव्हे, प्रदर्शनात.

त्यानंतर प्रवास सुरू झाला तो कागदांचा. नोंदणी मिळाली २०१७ च्या अखेरीस, उड्डाणाची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याने चाचणीचे उड्डाण केले. कांदिवली, वांद्रे आणि धुळे या तीन जागा एका ओळीत मांडल्या की रो यांची पाग, शर्यतीचा मार्ग आणि कमान आठवते. फरक इतकाच की रो यांना दलदलीतले कुरण दाराशी मिळाले, तर येथे गच्ची आणि धावपट्टी यांच्यामध्ये तीनशेहून अधिक किलोमीटर आणि काही वर्षे होती. गच्चीवरच्या कामाचे कौतुक आपण सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. पण कौतुक करताना एक प्रश्न आपण विचारला नाही: या माणसाला गच्चीवर का जावे लागले? आणि खाली उतरल्यावर हे यंत्र जोडायला, तपासायला, चुकायला व पुन्हा दुरुस्त करायला एखादी साधी शेड या महानगराच्या परिसरात सहज का मिळू नये? हफमन नावाच्या एका सावकाराने १९०४ साली डेटनजवळची आपली गुरे चरण्याची जमीन राइट बंधूंना फुकट वापरू दिली. घरापासून आठ मैलांवर, ट्रॉलीने जाता येईल अशा त्या कुरणात त्यांनी नवी शेड बांधली आणि तेथेच, ऑक्टोबर १९०५ मध्ये, ३९ मिनिटांत २४ मैलांचे उड्डाण झाले. किल डेव्हिल हिल्सला सेकंदांत मोजले जाणारे उड्डाण येथे मिनिटांत मोजले जाऊ लागले. याचे श्रेय अर्थातच राइट बंधूंच्या बुद्धीला आहे. पण घर आणि मैदान यांतले अंतर संध्याकाळी कापता येईल इतके कमी झाले होते, यालाही आहे.

घरी बांधलेल्या विमानांच्या या इतिहासातून आम्हाला जे दिसते ते थोडक्यात असे. विमान घरात सुरू होते कारण चिकाटी घरातच नांदते. ते मैदानात पूर्ण होते कारण सत्याची परीक्षा तेथेच असते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा लागते, ना पुरते घर ना पुरते मैदान, जिथे छप्पर आहे आणि दार रुंद आहे. किल डेव्हिल हिल्सची शेड, वॉल्थमस्टोची कमान, हफमनच्या कुरणातली खोपटी ही त्या तिसऱ्या जागेची नावे. व्यक्ती घर आणू शकते, चिकाटी आणू शकते, गच्चीही शोधू शकते. रुंद दाराची ही जागा मात्र तिला एकटीला उभारता येत नाही. ती कोणी तरी द्यावी लागते: शेजाऱ्याने, संस्थेने वा शासनाने. ज्या समाजात ती मिळते तेथे विमाने उडतात. जेथे मिळत नाही तेथे ती गच्चीवर वाट पाहतात, आणि खाली रस्त्यावर लोक कधीही न उडालेल्या विमानांच्या कथा सांगत राहतात.